शहरातल्या रस्त्यांची वार्षिक दुरुस्ती: ठरते कधी, पैसा येतो कुठून, अडतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की रस्त्यांवर सगळेच बोलू लागतात. त्या पावसात कुठला रस्ता टिकणार हे मात्र आधीच्या हिवाळ्यात ठरून गेलेलं असतं. घर शाकारायचं ते पावसाआधी, हे गावाकडे सांगावं लागत नाही. शहरात तीच गोष्ट अंदाजपत्रक, निविदा आणि मंजुऱ्यांच्या कागदांत अडकते. खालची उत्तरं मुख्यतः पुणे महापालिकेला धरून लिहिली आहेत. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ सालचा. बाकीच्या महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात. त्यामुळे नाशिक, ठाणे किंवा कोल्हापूरच्या वाचकालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

रस्ते दुरुस्त ठेवणं महापालिकेवर बंधनकारक आहे की मर्जीची गोष्ट आहे?

बंधनकारक आहे. १९४९च्या अधिनियमातल्या कलम ६३ मध्ये महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांची यादी आहे आणि सार्वजनिक रस्ते बांधणं, त्यांची देखभाल करणं त्यात येतं. मुंबईसाठी हीच तरतूद तिथल्या कायद्याच्या कलम ६१ मध्ये आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतही रस्ते आणि पूल आहेत.

अडचण पुढे आहे. कर्तव्य लिहिलं, पण त्यासाठी किती पैसे बाजूला काढायचे हे कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे उड्डाणपूल, सुशोभीकरण आणि डांबराचा एक थर हे तिघेही एकाच अंदाजपत्रकात पैशांसाठी भांडतात, आणि ज्याचं उद्घाटन करता येतं तो सहसा जिंकतो.

माझ्या घरासमोरचा रस्ता नक्की कोणाचा?

तक्रार करण्याआधी हे शोधा, नाहीतर अर्ज महिनाभर टेबलं फिरत राहतो. पुण्यात बहुतेक रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे आहेत. मोठे मुख्य खात्याकडे आणि गल्लीबोळ क्षेत्रीय कार्यालयाकडे, अशी साधारण वाटणी असते. पण कॅम्पातले रस्ते पुणे कँटोन्मेंट बोर्डाचे, खडकीतले खडकी बोर्डाचे. कात्रज–देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे). मेट्रोचं काम चालू असलेल्या पट्ट्यात काम संपेपर्यंत रस्ता नीट ठेवण्याची जबाबदारी सहसा मेट्रोच्या कंत्राटदारावर टाकलेली असते.

सोसायटीच्या आतला किंवा लेआउटमधला रस्ता महापालिकेच्या ताब्यात दिलेला नसेल तर तो खासगी समजला जातो, मग त्यावरून गावभरची वाहनं का जाईनात. ‘आम्ही टॅक्स भरतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही; जागेचं हस्तांतर झालं आहे का, एवढाच प्रश्न विचारला जातो.

खड्डे बुजवणं, रिसर्फेसिंग आणि पुनर्बांधणी यांत फरक काय?

हा फरक कळला की निम्मं अंदाजपत्रक कळलं.

खड्डे बुजवणं म्हणजे रोजची डागडुजी. नियमाने करायचं तर खड्ड्याच्या कडा उभ्या आणि चौकोनी कापायच्या, आतली माती आणि पाणी काढायचं, तळाला आणि कडांना डांबराचा हात मारायचा (याला टॅक कोट म्हणतात), मग माल भरून रोलरने दाबायचा. डांबरी रस्त्यांच्या देखभालीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची ८२ क्रमांकाची संहिता आहे, तिचं म्हणणं साधारण हेच. प्रत्यक्षात टेम्पोतून माल पडतो, फावड्याने पसरला जातो आणि मागून येणारी पीएमटीची बस तो दाबते. (पीएमपी म्हणायला हवं, पण पुण्यात कोण म्हणतं?)

रिसर्फेसिंग म्हणजे खालचा पाया शाबूत असताना वरचा थर नवा करणं. साधारण ३० ते ५० मिलिमीटर जाडीचा बिटुमिनस काँक्रीटचा, म्हणजे ‘बीसी’चा थर देतात. हे काम दर पाच-सहा वर्षांनी व्हायला हवं आणि सगळ्या देखभालीचा कणा हाच आहे. रस्ता चांगला दिसत असतानाच हा थर टाकायचा असतो, हे मात्र कोणालाच पटत नाही. लोक म्हणतात, ‘चांगल्या रस्त्यावर पैसे उधळताहेत.’ वर केसासारख्या भेगा पडू लागल्या की पाणी खाली उतरतं, मुरुमाचा थर मऊ होतो आणि दोन पावसाळ्यांत रस्ता आतून जातो. तेव्हा नुसता वरचा थर देऊन भागत नाही.

मग उरते ती पुनर्बांधणी: सगळं उकरून खडीचे थर, त्यावर डीबीएम (जाड खडी आणि डांबराचा खालचा थर), त्यावर बीसी. खर्च कैक पटींनी वाढतो आणि रस्ता काही आठवडे बंद राहतो.

रिसर्फेसिंग करताना जुना थर यंत्राने खरवडून काढणं, म्हणजे मिलिंग, हेही तितकंच महत्त्वाचं. ते न करता थरावर थर चढवत गेलं की रस्ता उंच होतो. पेठांमध्ये जुन्या वाड्यांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले ते यामुळेच. ड्रेनेजची झाकणं एकतर विहिरीसारखी खोल जातात किंवा उंचवट्यासारखी वर येतात, आणि पावसाचं पाणी गटाराऐवजी कोणाच्या तरी दुकानात शिरतं.

कोणत्या महिन्यात काय ठरतं?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत कामाचा प्रश्न हाच आहे.

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्याची तयारी आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून चालू असते. खाती आपापल्या मागण्या मांडतात, क्षेत्रीय कार्यालयं कामांच्या याद्या पाठवतात. त्यावरून आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होऊन स्थायी समितीपुढे जातं, ती त्यात फेरफार करते आणि मग ते मुख्य सभेपुढे येतं. करांचे दर कायद्याप्रमाणे २० फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. म्हणजे डिसेंबर उलटला की नवं काम यादीत घुसवणं कठीण.

एप्रिलमध्ये तरतूद हातात येते. पण तरतूद म्हणजे काम नव्हे. पूर्वगणनपत्रक (कामाच्या अंदाजे खर्चाचा तक्ता) बनवायचं, त्याला तांत्रिक मान्यता घ्यायची, मग प्रशासकीय मान्यता, निविदा, दर उघडणं, गरज पडली तर स्थायी समितीची मंजुरी, करारनामा आणि शेवटी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी हुकूम. सगळं सुरळीत झालं तरी यात तीन-चार महिने जातात. तोवर जुलै येतो आणि डांबराचं काम थांबलेलं असतं. कार्यादेश ऑक्टोबरनंतर कामी येतो, निवडणुकीची आचारसंहिता लागली तर आणखी पुढे. मग जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वर्षभराची कामं आणि वर्षभराची बिलं एकदम कोसळतात. मार्चअखेर रात्री दोन वाजता दिसणारे रोलर हे त्याचंच दृश्य.

यावर तोडगा आहे आणि तो नवा नाही: देखभालीचं कंत्राट दोन-तीन वर्षांचं, विभागवार आणि दर आधीच ठरलेलं असावं. कलम ७२ (ब) खाली एकापेक्षा जास्त वर्षं चालणाऱ्या कामांना मंजुरी देता येते. पुण्यात ‘बहात्तर ब’ हा शब्द ऐकू येतो तो बहुधा मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत. देखभालीसाठी तो जितका वापरायला हवा तितका वापरला जात नाही.

मग पावसात जे खड्डे बुजवतात त्याचे पैसे कुठून येतात?

देखभालीच्या महसुली तरतुदीतून. पुणे महापालिकेचा येरवड्याला स्वतःचा हॉटमिक्स प्लांट (डांबर-खडीचा गरम माल बनवणारा कारखाना) आहे, तिथला माल डागडुजीला वापरतात. फारच तातडी असेल तर कलम ६७ (३) (क) खाली आयुक्तांना नेहमीच्या मंजुऱ्यांविना काम करून घेण्याचा अधिकार आहे. तो पूर, दरड, पूल खचणं यांसारख्या प्रसंगांसाठी आहे. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येणाऱ्या पावसाला आणीबाणी म्हणणं जरा अवघड जातं.

रस्त्यांसाठी एकूण पैसा कुठून येतो?

एकेकाळी याचं उत्तर सोपं होतं: जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर, रोजच्या रोज रोख हातात. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. आता राज्य सरकार २०१७च्या कायद्याप्रमाणे महापालिकांना भरपाई देतं आणि तीत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली असते. उत्पन्न बुडालं नाही हे खरं, पण शहर किती वाढतंय याच्याशी त्या रकमेचा संबंध राहिला नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात आली (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळी झाली). रस्त्यांची लांबी एका फटक्यात वाढली. ८ टक्क्यांचं गणित तेच राहिलं.

दुसरा मोठा स्रोत मिळकत कर. काही महापालिकांच्या बिलात रस्ता कर नावाची वेगळी ओळही दिसते. तिसरा स्रोत बांधकाम परवानगीतून मिळणारं विकास शुल्क आणि जादा एफएसआयचं (भूखंडावर जास्त बांधकाम करू देण्याचं) अधिमूल्य. बांधकाम तेजीत असेल तर हा आकडा जोरात फुगतो आणि मंदी आली की तसाच आटतो. दरवर्षी लागणाऱ्या देखभालीचा भार अशा उत्पन्नावर टाकणं मला धोक्याचं वाटतं. चांगल्या वर्षी नवे रस्ते आखले जातात, वाईट वर्षी सगळ्यात आधी कात्री लागते ती जुन्यांच्या डांबराला.

मग शासनाकडून येणारे पैसे: रस्ता अनुदान, नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार-खासदार निधी. यांतलं बहुतेक नव्या कामाला मिळतं. केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाच्या (मार्च २०२६ पर्यंतच्या) अनुदानातला मोठा भाग पाणी, सांडपाणी आणि घनकचरा यांच्याशी बांधलेला होता. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना त्यात हवेच्या गुणवत्तेसाठी वेगळे पैसे होते. रस्त्यावरची धूळ हा प्रदूषणाचा भाग असल्याने झाडणारी यंत्रं किंवा कडेचं फरसबंदीकरण अशी कामं त्यात बसवता येत. खड्डे नाही.

मी गाडी घेताना रोड टॅक्स भरला, पेट्रोलवर सेस भरतो. तो पैसा कुठे जातो?

वाहन कर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. इंधनावरचा रस्ते उपकर केंद्राच्या निधीत, आणि तिथून मुख्यतः महामार्ग आणि ग्रामीण रस्ते अशा कामांना. तुमच्या गल्लीला यातलं थेट काही मिळत नाही. गाड्या मात्र गल्लीतूनच जातात. महापालिका वाहन करात वाटा मागत आल्या आहेत आणि ती मागणी मला रास्त वाटते.

अंदाजपत्रकात तरतूद होती, तरी काम झालं नाही. असं कसं?

याची उत्तरं महापालिकेच्या रोजच्या बोलीत लपलेली आहेत.

‘दायित्व’: गेल्या वर्षीच्या कामांची थकलेली बिलं. नव्या तरतुदीतून आधी ती भागवली जातात. दहा कोटी दिसले तरी त्यातले चार आधीच गेलेले असू शकतात.

‘वर्गीकरण’: एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. नियमाने मंजुरी घेऊनच करतात, आणि कधीकधी ते गरजेचंही असतं. पण वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांतले वर्गीकरणाचे ठराव एकदा सलग वाचून पाहा. देखभालीच्या लेखाशीर्षातून पैसे बाहेर जातात किती आणि येतात किती, हे ताबडतोब कळतं.

‘स यादी’: नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली छोटी कामं. पेव्हर ब्लॉक काढून नवे पेव्हर ब्लॉक, चौकात नामफलक, बाकडी. मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं प्रशासक होते. तेव्हा ‘स’ यादी नव्हती. रस्ते त्यामुळे सुधारले का, असा प्रश्न कोणी विचारला तर प्रामाणिक उत्तर ‘फारसे नाही’ असंच येईल. म्हणजे सगळा दोष नगरसेवकांवर ढकलून मोकळं होता येत नाही.

आणि चौथं, सगळ्यात साधं कारण: अंदाजपत्रकातलं उत्पन्नच फुगवलेलं होतं. २०२५-२६चं पुण्याचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. एवढा आकडा वाचून छाती भरून येते. पण खर्च प्रत्यक्ष जमा रकमेतूनच होतो. जमा कमी पडली की तरतुदीच्या काही टक्केच रक्कम वापरा असं परिपत्रक निघतं.

रस्ते नीट ठेवायला दरवर्षी किती काम लागेल? काही हिशेब?

रुपयांचा आकडा दरसूचीप्रमाणे बदलतो, म्हणून टनांत करू. पुण्यात ढोबळमानाने १,४०० किलोमीटर रस्ते धरतात. एकेक रस्ता दर सहा वर्षांनी रिसर्फेस करायचा तर वर्षाला सुमारे २३३ किलोमीटर. सरासरी रुंदी सात मीटर आणि थर ४० मिलिमीटर मानला, तर एका किलोमीटरला २८० घनमीटर माल, म्हणजे जवळजवळ ६७० टन. वर्षाचे दीड लाख टनांहून अधिक. पावसाळा, सणवार, बंद वगळून २०० दिवस मिळाले तर रोज साधारण ७८० टन. तासाला १०० टन देणारा एक प्लांट रोज आठ तास चालला की एवढा माल निघतो. पन्नासेक डंपरच्या खेपा.

हा हिशेब बघून लक्षात येतं की काम अवाक्याबाहेरचं अजिबात नाही. फक्त ते दोनशे दिवस रोज व्हायला हवं, मार्चमधल्या वीस रात्रींत नव्हे. तुमच्या शहराची लांबी आणि रुंदी घालून हाच हिशेब करा, आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती किलोमीटर झाले ते विचारा.

कोणता रस्ता आधी, हे कोण ठरवतं?

कागदावर: सर्वेक्षण. प्रत्येक रस्त्याचा खडबडीतपणा, भेगा, खड्डे, खचलेले भाग मोजून त्याला गुण द्यायचे, वाहतूक किती ते बघायचं आणि यादी लावायची. यंत्र बसवलेल्या गाडीने हे काही आठवड्यांत होतं. पाया किती भार पेलतो ते तपासायची उपकरणंही आहेत.

प्रत्यक्षात: पालख्या यायच्या असतात, त्यांचा मार्ग आधी होतो. याला कोणाची हरकत नसावी. लाखो माणसं अनवाणी चालतात. गणपतीआधी मिरवणुकीचे रस्ते. मोठ्या पाहुण्यांचा दौरा असला की विमानतळापासूनचा पट्टा. २०२३ मध्ये जी-२०च्या बैठकांच्या वेळी पुण्याने हे पाहिलं. मग तक्रारी जास्त येतात तो भाग. तक्रारी जास्त येणारा भाग म्हणजे खराब रस्त्यांचा भाग असं नसतं. तिथे तक्रार करायला वेळ आणि ओळख असलेले लोक राहतात, एवढंच. वडगाव शेरीच्या मागच्या वस्तीतला रस्ता सुखवस्तू वस्तीतल्या प्रभात रोडच्या दहापट वाईट असेल, पण त्याचा फोटो आयुक्तांच्या मोबाइलवर पोचत नाही.

गुणानुक्रमाची यादी जाहीर असेल तर क्रम बदलणाऱ्याला कारण द्यावं लागेल. म्हणून ती मागायची.

सगळे रस्ते एकदाच काँक्रीटचे केले तर कटकट संपणार नाही का?

मुंबईने हाच मार्ग धरला आहे. २०२३ पासून दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचं काँक्रिटीकरण हाती घेतलं आणि कंत्राटदारांवर दहा वर्षांची दोषदायित्वाची (बिघाड झाल्यास स्वखर्चाने दुरुस्त करण्याची) अट घातली. प्रचंड पावसात आणि जड वाहतुकीत काँक्रीट टिकतं, यात वाद नाही.

पण तीन गोष्टी. काँक्रीट टाकण्याआधी खालच्या सगळ्या वाहिन्या बदलून किंवा बाजूला सरकवून घ्यायला हव्यात, नाहीतर फुटलेल्या नळासाठी रस्ता कापावा लागतो आणि तो जोड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. दुसरं, काँक्रीटलाही देखभाल लागते: सांधे भरणं, तडे सील करणं. ‘आता वीस वर्षं बघायला नको’ म्हणून तरतूदच काढून टाकली जाते आणि सांध्यांतून पाणी शिरतं. तिसरं, आठ फुटी गल्लीत भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट ओतलं की पाणी मुरायला इंचभर जागा उरत नाही.

आणि डांबर टिकत नाही असंही नाही. जंगली महाराज रस्ता पुण्यात अजून उदाहरण म्हणून सांगितला जातो: १९७०च्या दशकात रेकोंडो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला डांबरी रस्ता कित्येक पावसाळे खड्ड्यांविना उभा राहिला. त्यात चमत्कार नव्हता. पाया खोल घेतला, मालाचं मिश्रण काटेकोर ठेवलं, पाण्याला वाट दिली. यांतलं काहीही आज करायला मनाई नाही.

रस्ता झाला आणि पंधरा दिवसांत खोदला. हे कोणी थांबवत का नाही?

खोदाईला परवानगी लागते आणि शुल्क भरावं लागतं. पुण्यात खासगी कंपन्यांसाठी हा दर प्रति रनिंग मीटर १२ हजार रुपयांच्या आसपास राहिला आहे. ३० एप्रिलनंतर पावसाळा संपेपर्यंत खोदाई बंद असा नियम आहे. मेमध्ये चर दिसला तर परवाना दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

दुखणं दोन ठिकाणी आहे. शुल्क महापालिकेच्या एकत्रित निधीत जमा होतं. ते त्याच चरावर, वेळेत, खर्च होईलच असं नाही. आणि खोदणाऱ्यांत महापालिकेचीच पाणी आणि ड्रेनेज खाती पुढे असतात, त्यांना कोण थांबवणार? पुढच्या दोन वर्षांत कुठे वाहिनी टाकायची आहे हे प्रत्येक खात्याने पथ विभागाला आधी सांगितलं, तर रिसर्फेसिंगची यादी त्यानुसार लावता येते. एका इमारतीत बसणाऱ्या लोकांना हे अवघड का जावं, मला आजवर समजलेलं नाही.

चर भरतानाही दाबत दाबत थरांनी भरायचा असतो. एकदम माती लोटून वर डांबर टाकलं की पहिल्याच पावसात तो पट्टा खचतो आणि दुचाकीचं चाक बरोबर त्यातच जातं.

भर पावसात डांबर टाकताना दिसतात. हे बरोबर आहे?

गरम डांबर असेल तर चूक. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलांप्रमाणे पाऊस चालू असताना किंवा पृष्ठभागावर पाणी साचलेलं असताना डांबरी थर टाकायचा नसतो. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग संपताना किमान ९० अंश तापमान हवं. ओल्या, गार पृष्ठभागावर तो चिकटतच नाही. पावसात तात्पुरतं भरायला कोल्ड मिक्स, मास्टिक किंवा तयार पाकिटबंद माल वापरतात. तो महाग पडतो, पण दोन महिने वाहन सुखरूप जातं. पेव्हर ब्लॉकने डांबरी रस्त्यातला खड्डा भरणं हा सगळ्यात वाईट उपाय.

कंत्राटदाराने हमी दिली असते ना? मग पुन्हा खर्च कशाला?

दोषदायित्व कालावधीत (बोलताना सगळे डीएलपी म्हणतात) रस्ता बिघडला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. डांबरी कामांना हा कालावधी सहसा तीन ते पाच वर्षांचा असतो, मोठ्या काँक्रीट कामांना जास्त. अनामत रक्कम त्यासाठीच अडकवून ठेवलेली असते. मधल्या काळात तिथे चर खोदला गेला की कंत्राटदार हात वर करतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. पण अनेकदा कोणता रस्ता डीएलपीत आहे हे स्थानिक कनिष्ठ अभियंत्यालाच ठाऊक नसतं आणि खड्डा महापालिकेच्या खर्चाने बुजवला जातो. रस्त्याच्या टोकाला कंत्राटदाराचं नाव, कामाची तारीख आणि हमीची मुदत लिहिलेला फलक हवा, तो याच कारणासाठी.

निविदा २५-३० टक्के कमी दराने आली. पैसे वाचले म्हणायचं?

थोडं थांबून. एकतर पूर्वगणन फुगवलेलं होतं किंवा डांबराची टक्केवारी आणि थराची जाडी कुठेतरी कमी होणार आहे. खूप कमी दराच्या निविदेवर जादा सुरक्षा ठेव घेतात, पण खरी राखण मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) आणि थराचा गोल तुकडा कापून केलेल्या तपासणीत असते. ४० मिलिमीटरच्या जागी ३० टाकले तर डोळ्यांना दिसत नाही. चौथा हिस्सा मात्र गेलेला असतो.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशानुसार खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली आहे. ती आधी संबंधित यंत्रणेने द्यायची आणि नंतर जबाबदार अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची. दावे ठरवण्यासाठी समित्या आहेत. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. कळवलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा, हेही आदेशात आहे. याशिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ खाली रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या दर्जाप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पोलीस पंचनाम्यात ‘खड्डा’ हा शब्द आणि नेमकं ठिकाण नोंदवून घ्या. तो खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवलेला असण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा फोटो लगेच काढा.

लहान नगरपरिषदेतही असंच चालतं?

कायदा वेगळा (१९६५चा), पैसा फार कमी. पगार आणि वीजबिल भागवून देखभालीला काही उरतच नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं शासनाच्या योजनांवर अवलंबून. परिणाम असा की जुना रस्ता पूर्ण मोडू दिला जातो, कारण नव्याला अनुदान मिळतं आणि डागडुजीला मिळत नाही.

मी एकटा माणूस. काय करू, आणि कधी?

खड्ड्याची तक्रार कधीही करा. पुण्यात ती महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या तक्रार सेवेवर होते, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. पण पूर्ण रस्ता करून हवा असेल तर महिना पाळा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही सोय आहे. साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन, आणि एका कामाची मर्यादा पाच लाखांपर्यंत असते. गल्लीचा पट्टा, पदपथाचा तुकडा, गटाराची जाळी एवढं त्यात बसतं. मुख्य रस्त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र द्या, त्यावर पोच घ्या, आणि पत्रात भावना कमी, माहिती जास्त ठेवा: लांबी, रुंदी, शेवटचं काम कधी झालं, पाणी कुठे साचतं.

कागद बघायचे असतील तर दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नस्त्या (फायली) पाहण्याची मुभा दिली गेली होती; ती तुमच्या कार्यालयात अजून चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. पुण्यात सुरू झालेली ही पद्धत पुढे शासनाने राज्यभरच्या कार्यालयांना लागू केली. नाहीतर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. मागायचं ते नेमकं मागा: त्या कामाचं पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, चाचणी अहवाल आणि डीएलपीची अखेरची तारीख. ‘माझ्या भागातल्या रस्त्यांची सर्व माहिती’ असा अर्ज केलात तर उत्तरही तसंच मोघम येईल. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट: माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिलेला आहे. तो वापरायचा तर अर्ज काम चालू असतानाच करा, बिल निघाल्यावर नको.